आधी ट्रेलर काट्यावर, मग गाडी: वेल्ह्याच्या शेतासाठी फोर बाय फोर निवडतानाचं पूर्ण प्रकरण

माझे मोठे आतेभाऊ, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, राहायला कर्वेनगरला आणि शेत वेल्ह्याकडे, म्हणजे आता ज्याचं नाव राजगड तालुका झालंय तिकडे. साडेतीन एकर, निम्मी भातखाचरं आणि निम्मं वरकस, त्या उतारावर आंबा-काजू लावलाय. डांबरी रस्ता गावापर्यंत नीट आहे, तिथून पुढे तीन किलोमीटर गाडीवाट आणि मधे एक ओढा. उन्हाळ्यात तिथून कुठलीही बऱ्यापैकी उंच गाडी जाते, पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर त्या वाटेवर ट्रॅक्टरसुद्धा जपून जातो. अप्पांना जुनी सेडान काढून एकच गाडी घ्यायची होती. ती पुण्यातून पॉवर टिलर, रोपं, खत असं ट्रेलरवर ओढून नेईल, पावसाळ्यात शेतापर्यंत पोचेल आणि शिवाय वहिनी कोथरूडला शाळेत शिकवतात त्या रोज चालवतील. बजेट ऑन रोड तीस लाखाच्या आत.

घरात तोवर दोन पक्ष झाले होते. अप्पांचं मन फोर्सच्या गुरखावर, कारण पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक (एक चाक नुसतं गरगरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं लॉक) आणि स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा देणारी नळी) कंपनीतूनच येतो. पुतण्याचं, म्हणजे अप्पांच्या मुलाचं, म्हणणं महिंद्राची थार रॉक्स. त्याचा मला मेसेज आला, काका तुम्हीच सांगा बाबांना. मी पूर्वी बरीच वर्षं भोसरीत ब्रेक असेंब्लीवर काम केलंय, त्यामुळे गाडी ओढणार म्हटलं की माझं पहिलं लक्ष थांबण्याकडे जातं. मी अप्पांना एवढंच विचारलं, "अप्पा, ओढायचं किती किलो आहे?" ते म्हणाले, "असेल पाच-सहाशे." मी म्हटलं, असेल नाही, काट्यावर घालू, तोपर्यंत शोरूमला जायचंच नाही.

हे मी मुद्दाम आधी लिहितोय, कारण लोक उलटं करतात. गाडी ठरते, बुकिंग होतं, मग कुणीतरी हिच (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा सांधा) बसवून देतो आणि शेवटी मागे काय जोडायचं ते बघतात. मागे किती वजन आहे त्यावरच बाकी सगळं ठरतं, ग्राउंड क्लिअरन्सची चर्चा त्याच्यानंतरची.

काट्यावर काय निघालं

अप्पांकडे एक ट्रेलर आधीच होता, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला, एक अ‍ॅक्सल, दोन चाकं, चॅनलची जाड फ्रेम. टेम्पोला जोडून तो वजनकाट्यावर नेला. रिकामा ३१० किलो. पॉवर टिलर, त्याची लोखंडी चाकं, डिझेलचा कॅन, अवजारांची पेटी असं सगळं नेहमीसारखं चढवून ७८० किलो. आणि तिसरा प्रकार, जो एप्रिल-मे महिन्यात अप्पांना हमखास करायचा होता, म्हणजे रोपांना पाणी द्यायला हजार लिटरची काळी टाकी. पाणी हजार लिटर म्हणजे हजार किलो, टाकी आणि ट्रेलर धरून १३०० च्या वर.

मग ट्रेलर सपाट जागेवर उभा करून त्याचं तोंड, म्हणजे जे टोक गाडीच्या हिचवरच्या लोखंडी बॉलवर बसतं ते, विटांच्या आधाराने बाथरूममधल्या वजनकाट्यावर टेकवलं. टिलर मागे ढकलून ठेवलेला होता म्हणून तोंडावर जेमतेम ३० किलो येत होते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के तोंडावर यायला पाहिजेत, म्हणजे इथे ७५-८० किलो. तोंड हलकं असलं की हायवेला साठ-सत्तरच्या पुढे ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि एकदा तो हलायला लागला की स्टिअरिंगने सावरायला गेलात तर वाढतो, हळूहळू वेग सोडणं हा एकच उपाय राहतो. टिलर फूटभर पुढे सरकवून बांधला तेव्हा काटा ७८ ला आला. त्या जागेवर अप्पांनी ऑइलपेंटने खूण करून ठेवली.

आणि टाकीबद्दल मी स्पष्ट सांगितलं की पाणी गाडीमागे न्यायचं नाही. पूर्ण भरलेली टाकी निदान जागेवर असते, अर्धी टाकी सगळ्यात वाईट, ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, वळणावर बाजूला धावतं आणि आत आडव्या जाळ्या नसलेल्या साध्या टाकीत त्याला अडवायला काही नाही. गावात शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आहे, पाणी तो आणेल. अप्पांना हे पटायला दोन दिवस लागले पण पटलं, आणि एका झटक्यात गरज १३०० वरून ७८० किलोवर आली. गाडीची निवड खरं तर तिथेच अर्धी झाली.

ब्रेक

आपल्याकडे बहुतेक गाड्यांच्या ब्रोशरमध्ये ओढण्याची क्षमता छापलेलीच नसते, म्हणून बाहेरचे आकडे अंदाजाला घ्यावे लागतात. ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर बिनब्रेकचा चालतो, त्याच्यावर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक पाहिजेत. युरोपातही तीच ७५० ची रेषा आहे. गाडी केवढीही मोठी असली तरी ही रेषा हलत नाही. ऑस्ट्रेलियात स्कॉर्पिओ नावाने जी विकली जाते ती आपलीच स्कॉर्पिओ-एन, २.२ डिझेल ऑटोमॅटिक फोर बाय फोर, ४०० न्यूटन मीटर टॉर्कची, म्हणजे ओढायच्या जोराची, तिला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी २५०० किलो आणि बिनब्रेकच्यासाठी ७५० किलो रेटिंग आहे. तिथल्या तीन दारांच्या सुझुकी जिम्नीला १३०० आणि ३५०. म्हणजे गाडी बदलली तर आकडे किती बदलतात बघा, आणि ट्रेलरला ब्रेक नसेल तर किती खाली येतात तेही बघा. हे आकडे भारतात कायद्याने लागू होत नाहीत, हिच वेगळा, टायर वेगळे, त्यामुळे कंपनीला लेखी विचारणं सोडू नका. पण अंदाज यायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

अप्पांचा ट्रेलर ७८० आणि बिनब्रेकचा, म्हणजे रेषेच्या पलीकडेच. आणि आता पुण्याच्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते सांगतो. वेल्ह्याला जायला दोन वाटा, एक खडकवासला-खानापूरवरून पाबे घाट चढून, दुसरी हायवेने नवीन कात्रज बोगदा, खेड शिवापूर, नसरापूर आणि मग मार्गासनीवरून. पाबे घाट अरुंद, वळणं आवळलेली, समोरून एसटी आली तर ट्रेलरसकट मागे घ्यायची वेळ येते, म्हणून ट्रेलर असताना नसरापूरचीच वाट हे लगेच ठरलं. पण येताना बोगदा सोडला की नवले पुलापर्यंतचा उतार लागतो. पुणेकरांना तो उतार काय आहे ते सांगायला नको, २० नोव्हेंबर २०२२ ला उतारावर सुटलेल्या एका ट्रकने तिथे ४८ गाड्या ठोकल्या होत्या. लांबच लांब उतार, मधेच ट्रॅफिक थांबलेलं.

हिशोब साधा आहे. माणसं धरून गाडी २३०० किलो धरा, मागे बिनब्रेकचे ७८०, म्हणजे गाडीच्या ब्रेकवर तिसरा हिस्सा जास्त वजन, ज्याच्यासाठी ते बनवलेले नाहीत. २०० मीटर उंची उतरताना फक्त त्या ट्रेलरची उष्णता निघते जवळपास १५ लाख ज्यूल, तेवढ्यात पाच लिटर पाणी उकळीला येईल. इंजिन ब्रेकिंगने त्यातला काही भाग जातो, टायर आणि हवा काही खातात, बाकी सगळं डिस्क आणि पॅडमधे. पॅड तापले की पकड जाते, ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यात पाणी शोषलं गेलं असेल तर ते लाइनमधे उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. हे मी टेस्ट बेंचवर बघितलंय, रस्त्यावर कुणाला बघायला लागू नये.

म्हणून जुना ट्रेलर रद्द. तसाही त्याला आरसी नव्हती. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याची आरटीओत नोंदणी लागते, नंबर प्लेट लागते, इन्शुरन्स लागतं, आणि नोंदणीसाठी बनवणाऱ्याकडे त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे चाचणी होऊन मिळालेली मंजुरी पाहिजे. हे अप्रूव्हल देणाऱ्या संस्थांपैकी दोन आपल्या पुण्यातच आहेत, पौड रोडच्या टेकडीवरची एआरएआय आणि नाशिक फाट्याजवळची सीआयआरटी, त्यामुळे बनवणाऱ्याला सर्टिफिकेट दाखवा म्हणायला संकोच करू नका. जो म्हणेल "शेताचा आहे, कोण विचारतंय", त्याच्याकडून घेऊ नका. अपघात झाल्यावर सगळ्यात आधी इन्शुरन्सवालाच विचारतो.

नवीन ट्रेलर ओव्हररन ब्रेकचा घेतला. गाडी ब्रेक मारते, ट्रेलर मागून पुढे ढकलतो, कपलिंगमधला दांडा दाबला जातो आणि तोच लिव्हर ट्रेलरच्या ड्रमचे ब्रेक लावतो, वायर नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही. एकच गोष्ट तपासायची, रिव्हर्स घेताना सुद्धा तो दांडा दाबला जातो, म्हणून हब ऑटो रिव्हर्सचा हवा नाहीतर चढावर मागे घेताना ट्रेलर स्वतःच ब्रेक लावून उभा राहतो. सोबत दोन सेफ्टी चेन, त्या खाली क्रॉस करून लावायच्या म्हणजे कपलिंग निसटलं तर तोंड जमिनीत न रुतता चेनच्या झोळीत पडतं.

ओढणं आणि ऑफ-रोड, दोघांची ओढाताण

इथे खरा पेच आहे आणि तो गाडीच्या मापात आहे. ओढायला लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि जड गाडी चांगली, चिखलात-दगडात आखूड आणि हलकी गाडी चांगली. जिम्नी चिखलात इतकी सुंदर चालते की तिला नावं ठेवायला जीव होत नाही, बाराशे किलोच्या आसपास वजन, २१० मिमी क्लिअरन्स, ५० अंशाचा डिपार्चर अँगल, म्हणजे मागचा बंपर न घासता जाता येईल असा कोन. पण १३४ न्यूटन मीटर आणि मागे ७८० किलो, म्हणजे गाडीच्याच ६५ टक्के. ट्रेलरने ठरवायचं की गाडीने, असा प्रश्न येईल. यादीतून गेली. तीन दारांची थार, व्हीलबेस २४५० मिमी, ऑफ-रोडला उत्तम, ६५० मिमी पाण्यातून जाते, लो रेंजचा (वेग कमी करून जोर वाढवणारा जादा गिअर) रेशो २.४८ म्हणजे चढाला चालण्याच्या वेगाने जाते. पण आखूड गाडीमागे ट्रेलर रिव्हर्स करताना तो इतक्या पटकन कोन करतो की सावरेपर्यंत गाडीच्या बंपरला टेकतो, आणि वहिनींना मागची सीट रोज लागते. तीही गेली.

इसुझूचा व्ही-क्रॉस पिकअप माझ्याच डोक्यात होता, कारण टिलर बेडवर चढवला तर ट्रेलरच नको. पण कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) आणि ग्रॉस वेट (भरून जास्तीत जास्त चालेल ते) यांची वजाबाकी करून माणसं काढली की बेडसाठी किती उरतं ते बघा, टिलरला पुरेल का ते आधी कळेल. वर बेड कमरेच्या उंचीवर, टिलर फळीवरून चढवायचा म्हणजे दोन धडधाकट माणसं, आणि गाडी सव्वापाच मीटरच्या वर. अप्पांच्या सोसायटीत ती उभीच राहत नाही.

राहिल्या तीन. गुरखा पाच दारांची, थार रॉक्स फोर बाय फोर आणि स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर.

गुरखाबद्दल अप्पांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. २३३ मिमी क्लिअरन्स, ७०० मिमी पाणी, दोन्ही अ‍ॅक्सलला लिव्हरने लागणारे लॉक, या किमतीत दुसरं कोणी देत नाही. पण मी टेप घेऊन त्यांच्या स्टिल्ट पार्किंगमधे गेलो. पार्किंगच्या तोंडाशी जो बीम आहे त्याच्याखाली २१५० मिमी, गुरखाची उंची २०९५. साडेपाच सेंटीमीटर, आणि तिथे रॅम्प संपून जमीन सपाट होते, म्हणजे मागची चाकं अजून रॅम्पवर असताना छप्पर बीमखाली येतं. वहिनी म्हणाल्या, "मी रोज सकाळी श्वास रोखून गाडी काढायची का?" अप्पा काही बोलले नाहीत, पण टेपचा फोटो त्यांनी स्वतः काढला. शिवाय गुरखाला फक्त मॅन्युअल, आणि ट्रेलरचं काम असेल तर हा मुद्दा पार्किंगपेक्षा मोठा आहे.

मॅन्युअल गाडीने ट्रेलर चढावर इंच-इंच मागे घेणं म्हणजे क्लच अर्धा दाबून धरणं, आणि रिव्हर्स गिअर लो रेंजशिवाय एवढा सावकाश नसतो. लो रेंजला टाकली तर क्लच वाचतो, पण फोर एल, म्हणजे लो रेंजमधे चारही चाकांना जोर, लावलं की पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना बांधले गेले. या सगळ्या पार्ट-टाइम सिस्टिम आहेत, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शिअल मधे नाही. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, चिखलात चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर किंवा पार्किंगच्या काँक्रीटवर ती घसरत नाहीत आणि पीळ सगळा शाफ्टमधे, ट्रान्सफर केसमधे साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी उड्या मारल्यासारखी करते, लिव्हर फोर एच (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा) मधूनही निघत नाही. बऱ्याच जणांना वाटतं घाटात ट्रेलर आहे तर फोर एच लावून ठेवू, जास्त पकड मिळेल. कोरड्या डांबराला टू एच, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना जोर, हे वहिनींना आणि पुतण्याला मी चावी हातात यायच्या आधी चारदा सांगितलं. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकला रिव्हर्समधे क्लच जळायचा प्रश्नच येत नाही, ब्रेकवर पाय ठेवून सोडत राहायचं. म्हणून ऑटोमॅटिक हवी हे ठरलं.

मग रॉक्स की स्कॉर्पिओ-एन. रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली, फोर बाय फोर फक्त डिझेलमधे, व्हीलबेस २८५० म्हणजे स्कॉर्पिओ-एनच्या २७५० पेक्षाही जास्त, मागे इलेक्ट्रॉनिक लॉक बटणावर. नुसतं ऑफ-रोड म्हणाल तर रॉक्स पुढे, माझ्या मनात शंका नाही. स्कॉर्पिओ-एनचा क्लिअरन्स कमी, मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांपलीकडचा भाग, जास्त, आणि मागचं लॉक मेकॅनिकल, आपोआप लागणारं. पण तिच्या बाजूने ऑस्ट्रेलियातला तो छापील आकडा आहे, त्याच इंजिन-गिअरबॉक्सचा. २५०० च्या समोर आपलं काम ७८० चं, म्हणजे मधे भरपूर हात राखून. स्पेअर व्हील खाली असल्याने मागचं दार हलकं, आणि ट्रेलर जोडलेला असताना ते दार बाजूला उघडतं तेव्हा ट्रेलरच्या जॉकी व्हीलच्या (तोंडाखालचं छोटं टेकू चाक) हँडलला लागतं का हे बघायला लागतं. रॉक्सचं दार स्पेअर व्हीलसकट बाहेर झुकतं, तिथे जास्त लांब ड्रॉबार, म्हणजे ट्रेलरचा पुढचा जोडदांडा, लागला असता.

माझ्यासाठी निर्णय त्या तीन किलोमीटरने केला. चिखलात ट्रेलर न्यायचाच कशाला? चांगल्या डांबरावर ७८० किलोचा ट्रेलर ओढायला सपाटीला जोर लागतो १२ किलोच्या आसपास. मऊ चिखलात चाक रुततं, तोच जोर ११५ ते १५५ किलोवर जातो, ट्रेलरची बारीक चाकं गाडीपेक्षा जास्त खोल जातात आणि नांगरासारखी माती पुढे लोटत येतात. त्यावर सहात एक असा चढ आला की अजून १३० किलो. पण पॉवर टिलरला स्वतःचं इंजिन आहे, लोखंडी चाकं आहेत, तो चिखलातच चालण्यासाठी बनवलाय! डांबर संपतं तिथे ओळखीच्यांच्या अंगणात ट्रेलर सोडायचा, टिलर उतरवून चालवत न्यायचा, गाडी रिकामी पुढे जाईल. उन्हाळ्यात ट्रेलर थेट शेतापर्यंत. ही विभागणी झाली आणि गाडीकडून मागणं बदललं. डांबरावर ट्रेलर, चिखलात एकटी. यासाठी दोन डिफ लॉक लागत नाहीत.

ओढ्यावर नेऊन बघितलं

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बाणेर रोडला होते, तिथे काही कळत नाही. एका मित्राची स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर घेऊन जुलैमधे अप्पा, मी आणि पुतण्या त्या गाडीवाटेला गेलो. टायरमधली हवा २० पीएसआयवर आणली, परत भरायला बारा व्होल्टचा पंप बरोबर. पहिले दोन किलोमीटर फोर एच मधे काहीच त्रास नाही. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या खाली, आधी चालत जाऊन काठीने तळ बघितला, खडक लागतो, ठीक. पलीकडचा काठ चढताना पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एकदम हलकं झालं, गाडी थांबली, मागचं चाक गरगरायला लागलं. पुतण्याने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला. मी त्याला म्हटलं सोडू नको, एवढाच धर. हे मेकॅनिकल लॉक दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की बसतं, त्याच्या आत सोडलंस तर ते लागतच नाही. फोर एल, दुसऱ्यांदा तसंच, चाक थोडं फिरू दिलं, खालून ठक् असा आवाज आला आणि गाडी शांतपणे वर. त्या आवाजाने लोक दचकतात, काहीतरी तुटलं असं वाटतं, तो लॉक बसल्याचा आवाज आहे.

पण वर जाताना मागचा बंपर काठाला घासला. आणि हिच बसवल्यावर तो आणखी खाली येणार होता. इथे रॉक्स घासली नसती, हे मी अप्पांना तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी काठाकडे बघितलं आणि म्हणाले, "काठच कमी करूया ना." गावातल्या तीन शेतकऱ्यांना तीच वाट लागते, सगळ्यांनी मिळून दोन ब्रास मुरूम आणि ओढ्यातलेच दगड टाकून चढ निम्मा केला. एका सेट ऑफ-रोड टायरच्या किमतीत हे झालं आणि शेजाऱ्यांची बैलगाडीसुद्धा आता तिथून सोपी जाते. गाडी निवडताना रस्ता थोडा दुरुस्त करता येतो का हे कुणीच विचारात घेत नाही, मला अप्पांचं फार कौतुक वाटलं.

गाडी आली स्कॉर्पिओ-एन डिझेल ऑटोमॅटिक फोर बाय फोर. हिच असा निवडला की चेसिसच्या आहे त्या भोकांत बोल्ट होतो, ड्रिल नाही, आणि बॉलचा भाग पिन काढून सुटतो, म्हणजे ट्रेलर नसताना ओढ्यावर काही लटकत नाही, शहरात मागच्या दुचाकीवाल्याच्या नडगीला लागत नाही. ट्रेलरच्या दिव्यांची वायर टेललाइटला जोडून टाकायची नाही, वेगळं रिले मॉड्यूल लावायचं, आजकालच्या गाड्यांचा कॉम्प्युटर जास्तीचा करंट बघून एरर देतो. अप्पांना पुढे बुलबार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) आणि विंचही (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) हवं होतं, ते थांबवलं. केंद्राने डिसेंबर २०१७ मधे बुलबारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलेलं आहे आणि तसंही ते एअरबॅग सेन्सरच्या कामात आड येतं.

एक गोष्ट मात्र मी पुतण्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. टो बॉल हा रिकव्हरी पॉइंट नाही. अडकलेली गाडी पट्टा बॉलला अडकवून झटक्याने ओढली तर बॉल तुटतो आणि पट्ट्यात साठलेल्या ताकदीसकट मागच्या गाडीच्या काचेतून आत जातो, याने माणसं गेलेली आहेत. किती ओढ सोसेल ते छापलेलं, म्हणजे रेटेड शॅकल (जोडायची लोखंडी कडी), रेटेड हुक, पट्ट्यावर ओलं पोतं, आणि बघे लांब.

पहिला पावसाळा झालाय. वहिनी शाळेला तीच गाडी नेतात, शहरात मायलेजवर त्या खूश नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे, जड गाडी आहे, कंपनीचे टायर जाऊन ऑल टेरेन आल्यावर ते अजून थोडं कमी झालं आणि हायवेला टायरचा आवाजही येतो. भात लावणीला टिलर ठरल्याप्रमाणे डांबराच्या टोकापर्यंत ट्रेलरवर आणि पुढे स्वतःच्या चाकांवर गेला. नवले पुलाच्या उतारावर अप्पा आता बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच गिअर मॅन्युअल मोडमधे तिसऱ्यावर आणतात आणि डाव्या लेनने पन्नासच्या आत येतात.

दिवाळीनंतर मी ट्रेलरचे ड्रम उघडले. डावीकडचा शू उजवीपेक्षा जास्त झिजलेला होता आणि आत सुकलेली लाल माती. माती साफ केली, दोन्हीकडचं अ‍ॅडजस्टमेंट सारखं केलं, ट्रेलर जॅकवर घेऊन हँडब्रेक ओढला की दोन्ही चाकं एकदमच अडतात का ते हाताने फिरवून बघितलं. आता चिखलातून आल्यावर ड्रमच्या मागच्या फटीत पाण्याचा पाइप धरायचा आणि महिन्यातून एकदा ही चाकं फिरवून बघायची, हे काम पुतण्याकडे दिलंय.